चिंचेखालची चादर

विसपुते सर कोणाला ‘जेवलात का’ असं विचारत नसत. ते ताटाकडे बघत.

बुऱ्हाणपूरच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि मी चित्रकला. मधल्या सुट्टीत मास्तरांच्या खोलीत डबे सुटत. सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत सर गप्प. मग पाणी प्यायला उठत आणि जाता जाता एकेकाच्या डब्यात उरलेलं पाहून निकाल देत. ‘गुरुजी, सासरचे पाहुणे गेले वाटतं. आज परत कळण्याची भाकरी.’ निकाल चुकत नसे. म्हणूनच त्यांच्या शेजारी बसायला कोणी तयार नसे आणि मी नवा असल्यामुळे ती जागा माझ्या वाट्याला आली.

एका एकादशीला मी न विचारताच जाहीर केलं, ‘आज माझा उपास.’ सरांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्या तोंडाकडे, जरा खाली, पाहत राहिले.

‘धणा,’ ते म्हणाले. ‘अख्खा. तळलेला.’

‘कुठे?’

‘मिशीत. शनवाऱ्यातल्या हलवायाची कचोरी. पहिल्या घाण्यातली असावी, तेव्हा तो धणे सढळ टाकतो.’

सगळी खोली हसली. त्या दिवसापासून उपास मोडायचाच झाला तर मी मावा जिलबीने मोडू लागलो. जिलबीला बी नसते, त्यामुळे मागे पुरावा उरत नाही. हे वाक्य मी पुष्कळ दिवस विनोद म्हणून ऐकवत असे. आता ऐकवत नाही.

सर उंच होते, पण कधी उंच वाटले नाहीत, कारण मान कायम खाली. रस्त्याने जमीन वाचत चालत. सायकलच्या कॅरियरला चादरीची वळकटी आणि दांड्याला एक काळी छत्री. ऊन-पाऊस काही नसलं तरी ते ती छत्री झाडाच्या सावलीत उघडून बसत. तिच्यावर पांढऱ्या-पिवळ्या ओघळांची इतकी नक्षी झाली होती, की ते ओघळ कशाचे हे कळल्यावरही मी चित्रकार या नात्याने तिचं कौतुक करत असे. मुलांनी त्यांचं नाव ‘लेंडीमास्तर’ ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कोणीतरी हेच नाव लिहून ठेवलं, तर सरांनी खडू घेऊन त्यातली वेलांटी दुरुस्त केली आणि शेजारी तारीख घालून तास सुरू केला.

तर गोष्ट अशी, की विसपुते सर वटवाघुळं काय खातात ते शोधत होते. निंबोल्याला सुपडू पाटलाच्या केळीच्या बागेच्या बांधावर जुन्या चिंचा होत्या, आणि त्यांच्यावर मोठी वटवाघुळं काळ्या फडक्यांसारखी टांगलेली असत. दर रविवारी सर तिथे जाऊन झाडाखाली चादर अंथरत आणि छत्रीखाली दिवसभर बसून राहत. वरून लेंड्या पडत, चावून रस गिळून थुंकलेला चोथा पडे, अर्धवट फळं पडत. संध्याकाळी चादरीची चार टोकं गोळा करून घरी. मग ते सगळं पाण्यात कालवून चहाच्या गाळणीतून गाळायचं. खाली उरतील त्या बिया वाळवून काडेपेटीत ठेवायच्या.

‘आमच्या घरी दोन गाळण्या आहेत, भाऊजी,’ सरांच्या पत्नी इंदुवहिनी मला चहा देताना म्हणाल्या होत्या. ‘एक चहाची, एक यांची. दिसायला सारख्याच. मी वास घेऊन ओळखते.’

कप तोंडाजवळ नेलेला माझा हात थांबला.

‘प्या हो,’ त्या म्हणाल्या. ‘आज घेतलाय वास.’

मी एकदा सरांना म्हटलं, ‘एवढा खटाटोप कशाला? बंदुकीने एक पाडा, पोट फाडा, बघा काय आहे ते.’

‘फाडलेलं वाघूळ एका रात्रीचं जेवण सांगतं,’ सर म्हणाले. ‘टांगलेलं वर्षभराचं सांगतं. आणि त्याला कळतही नाही की आपण कोणाला काही सांगितलं.’

वर्ष पुरं करण्याचा त्यांना ध्यास होता, आणि वर्षं होती ती अशी. राज्यांची नव्याने जुळणी चालली होती. विदर्भ मुंबईकडे गेला, आम्ही होतो तिथेच राहिलो. कालपर्यंत नागपूरला जाणारे आमचे कागद भोपाळला जाऊ लागले. मास्तरांच्या खोलीत रोज एकच विषय: कोण जाणार, कोण राहणार, कोणाची ज्येष्ठता कोणाच्या खाली लागणार. सरांना नागपूरला कॉलेजात प्रयोगशाळेतली जागा मिळत होती. इंदुवहिनींचं माहेर नागपूरचं. सामान बांधायचं कधी, एवढंच ठरायचं होतं.

सरांनी कळवलं, येत नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, ‘पावसाळ्यातल्या काडेपेट्या अजून रिकाम्या आहेत.’

दुसऱ्या दिवशी वहिनी बाजारात गेल्या आणि एक गाळणी घेऊन आल्या. दुसरी गाळणी घरात आली ती तेव्हा.

सरांचे आवडते शब्द दोन. एक ‘माहीत नाही’ आणि दुसरा ‘पाहू’. लोक ‘अर्थातच’ ज्या ठसक्याने म्हणतात, त्या ठसक्याने सर ‘माहीत नाही’ म्हणत. एका मुलाने विचारलं, ‘सर, वाघूळ उलटंच काऊन लटकते?’ सर खुशीत म्हणाले, ‘माहीत नाही!’ हेडमास्तर दाराबाहेरून ऐकत होते. त्यांनी नंतर बोलावून समज दिली, की शिक्षकाने मुलांसमोर असं म्हणू नये.

‘मग कोणासमोर म्हणू?’ सरांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच पत्ता हवा होता.

सरांच्या या शोधकामात माझी नेमणूक चित्रकार म्हणून झाली. सूक्ष्मदर्शकातून जे दिसेल ते मोठं करून काढायचं. पहिल्याच दिवशी मी दोन तास मान मोडून एक चित्र काढलं: लांब, काळा, टोकाला निमुळता होत गेलेला बाकदार पाय. छायाही दिली. खाली सुबक अक्षरात लिहिलं, ‘अज्ञात कीटकाचा पाय’.

सरांनी चित्र उजेडात धरलं. ‘चित्र उत्तम आहे,’ ते म्हणाले. ‘हा कीटक मी ओळखतो. रोज शेजारी बसून डबा खातो.’

मी माझ्याच पापणीचा केस काढला होता. वहिनींना पदर तोंडाला लावावा लागला. सरांनी ते चित्र फेकलं नाही, भिंतीला लावलं. पुढे माझा हात बसला. उंबराची बी वडाच्या बीपासून वेगळी काढता येऊ लागली. पिंपळ, जांभूळ, लिंबोळी. भिंत भरत गेली आणि महिन्यामागून महिना वटवाघुळं काय जेवली ते सरांच्या खोलीत दिसू लागलं. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की नागपूर हुकल्याचं दुःख सरांच्या चेहऱ्यावर नसे. वहिनींच्या चेहऱ्यावर असायचं की नाही, ते पाहायला मी कधी मान वळवली नाही.

वर्ष भरत आलं आणि सुपडू पाटलाने अर्ज दिला, की वटवाघुळं केळी खातात, बंदुकीची परवानगी मिळावी.

सुपडू पाटील म्हणजे तालेवार माणूस. बाग अशी राखलेली, की आत शिरताना चपला काढाव्या वाटे. माणूस दिलदार होता; वर्षभर सरांना बांधावर बसू दिलं, वर ताक पाठवलं. पण बागेतले जे चुकार घड कापणीआधीच झाडावर पिवळे पडत, ते सकाळी अर्धे कुरतडलेले सापडू लागले, आणि गावभर बोट चिंचेकडे वळलं.

सर त्याला भेटायला गेले, मीही गेलो.

‘पाटील, एक घड झाडावर पिकू द्या,’ सर म्हणाले. ‘मुद्दाम. मी खाली चादर टाकून पहाटे बसतो. कोण येतं ते पाहू.’

पाटील असा दचकला, जणू सरांनी त्याची पगडी मागितली.

‘झाडावर पिकू देऊ? मास्तर, आपल्या इकडं घड हिरवा कापतात. झाडावर पिवळा घड दिसला ना, की रस्त्यानं जाणारा माणूस काय म्हणते ठाव हाय? मालक आळशी हाय नही तं मेला हाय! व्यापारी बागेत पाय नही ठेवणार. दुसरं काहीबी मांगा.’

दुसरं काही मागण्यासारखं नव्हतं.

अर्जाची चौकशी निंबोल्याच्या चावडीवर ठेवली. साहेब नवा, नव्या राज्याबरोबर आलेला, मराठी न येणारा. मी चित्रांची गुंडाळी काखेत मारून सरांबरोबर निघालो. वाटेत त्यांना पढवत होतो. ‘सर, तिथे लांबण लावू नका. साहेब विचारेल, केळी खातात का. तुम्ही म्हणायचं, नाही. संपलं. झाडं वाचली.’

‘चादर म्हणत नाही ते मी कसं म्हणू?’

‘अहो, चादरीला कोण विचारतंय!’

‘मी वर्षभर तिलाच विचारतोय,’ सर म्हणाले, आणि पुढे सायकल मारत राहिले.

चावडी भरली होती. सुरुवात छान झाली. मी एकेक चित्र उलगडायचं आणि सरांनी सांगायचं: हे उंबर, हा वड, ही लिंबोळी. म्हातारे माना डोलवत होते. साहेबही पुढे झुकून बघत होता. मग सुपडू पाटील उठला. भांडायचा सूर नव्हता त्याचा.

‘हे समदं खरं असंल, मास्तर. पन माझी केळं? केळं खातेत का नही?’

‘मास्टर साहब, सीधी बात कीजिए,’ साहेब म्हणाला. ‘हाँ या ना?’

सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. मी मनात ओरडत होतो, म्हणा, म्हणा, दोन अक्षरं म्हणा.

‘माहीत नाही,’ सर म्हणाले.

चावडीत कुजबुज उठली. सर पुढे काहीतरी सांगायला तोंड उघडत होते, पण मला दम कुठला? उडी मारून उभा राहिलो, गुंडाळी तलवारीसारखी उगारली आणि गरजलो, ‘माहीत नाही काय! मी स्वतः चित्रं काढली आहेत. वर्षभरात या लेंड्यांमध्ये केळीची एकही बी सापडलेली नाही! एकही!’

माझा आवाज मला फार आवडला होता.

मग मागून कोणीतरी विचारलं, ‘कशाची बी, मास्तर?’

आणि चावडी फुटली. ज्या गावात पोरंसोरंसुद्धा जाणतात, की केळीला बी नसते, मुळाजवळ फुटणारे मुनवे काढून लावतात, त्या गावात मी बियांची साक्ष काढली होती. ‘अरे भाई, बी भेटली तं आम्हालेबी देजो!’ ‘मुनव्याचा खर्च वाचला रे!’ ‘ड्राइंग मास्तरले एक घड द्या, बी काढून दाखवंल!’ शेजारच्याने साहेबाला हिंदीत समजावून सांगितलं. साहेबही हसला, डोळे पुसत हसला. आणि हसत हसतच कागद पुढे ओढून परवानगीवर सही केली. हसून झाल्यावर कोणाला पुढचं ऐकायचं नव्हतं. भिंतभर उंबर, वड आणि पिंपळ त्या हसण्यात वाहून गेले.

परतताना सर सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत राहिले. शिव्यांची वाट बघून मी शेवटी म्हणालो, ‘बोला ना काहीतरी.’

‘मी तेच सांगणार होतो,’ सर म्हणाले. ‘केळीला बी नसते, म्हणून केळीच्या बाबतीत चादर मुकी आहे. तेव्हा एक घड पिकू द्या, साहेबांनीच सांगावं, एवढं मागणार होतो.’ थोडं चालून ते म्हणाले, ‘तुम्ही जरा लवकर उठलात.’

यापेक्षा जास्त ते त्यावर कधीच बोलले नाहीत. एखाद्याने मारलं असतं तर बरं, असं वाटायला लावणारी माणसं असतात.

शहरातून बंदूकवाले गेले ते भर दुपारी, झोपलेल्या वटवाघुळांवर. शाळेत सरांचा तास चालू होता. त्यांना दिवस ठाऊक होता. तास त्यांनी पुरा घेतला, फक्त फळ्यावर लिहिलेलं पुन्हा पुन्हा पुसत राहिले. पुढे कळलं, की मेलेली बरीचशी लोकांनी गुडघ्याला चोळायच्या तेलासाठी उचलून नेली. वाचलेली तापीपलीकडे जैनाबादकडे उडाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरांकडे बसलो होतो. दारात सुपडू पाटील उभा. हातात केळीच्या पानाची गुंडाळी. त्याने ती ओट्यावर ठेवून उलगडली. आत एक वटवाघूळ होतं, पंख मिटलेलं, कोल्ह्याच्या पिल्लासारखं तोंड.

‘मास्तर,’ तो म्हणाला, ‘फाडून पाहा. आता तं मेलंच हाय. मलेबी कळू द्या.’

सर हलले नाहीत.

‘लोकं म्हनतेत चांगलं केलं. कालपासून बागेत जाववत नही. ते झाड असं रिकामं... तुम्ही पाहून सांगा, की खात होते. मंग माझा जीव खाली बसंल.’

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, वहिनींकडे पाहिलं. वहिनी आत गेल्या, शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन आल्या आणि त्यांच्यासमोर ठेवली. आधी सरांनी पंखाला लागलेली माती ओल्या फडक्याने पुसली, उघडून, एकेक बोट पुसून. वर्षभर खालून पाहिलेलं ते पहिल्यांदा त्यांच्या हातात होतं. मग कात्री उचलली. हात सराईत होता, ते मला नवं होतं.

पोटातून निघालं ते त्यांनी काचेवर घेतलं आणि मला बोलावलं. या वेळी मी पापण्या बोटांनी ताणून धरल्या. उंबराच्या बिया ओळखीच्या होत्या. त्यांच्याखाली होता एक फिकट, मऊ लगदा. त्याला ना कड, ना आकार. काय काढू?

सरांनी लगद्यावर आयोडीनचा थेंब टाकला. आम्ही चौघं त्या थेंबावर वाकलो. तपकिरी होता, तपकिरीच राहिला.

‘मंग?’ पाटील म्हणाला.

‘कच्चं केळं असतं तर निळं झालं असतं,’ सर म्हणाले. ‘पिकल्यावर त्यातलं पीठ जातं. हे पिकलेलं केळं असू शकतं. दुसरं काहीही असू शकतं.’

‘म्हणजे खात होते?’

‘माहीत नाही.’

एवढी वर्षं मी तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला होता. त्यात ठसका नव्हता अशी ही एकच वेळ.

‘मारूनबी नही कळत?’

‘नाही.’

पाटील उंबऱ्यावरच बसला. त्याचं धोतर मातीत लोळत होतं, ते त्याने सावरलं नाही. ‘मंग आता इचारावं कोनाले?’ तो म्हणाला. ते सरांना नव्हतं, मलाही नव्हतं. वहिनींनी चहा टाकला. त्या दिवशी त्यांनी गाळणीचा वास घेतला नाही आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

सर नंतर शाळेत येत, शिकवत, डब्यांकडे मात्र बघत नसत. मी मुद्दाम एकदा मिशीत धणा ठेवून बसलो. उपयोग झाला नाही. रविवारी त्यांची सायकल कुठे जाते हे विचारायची मला हिंमत नव्हती, आणि मग नव्या राज्याच्या नव्या बदल्यांमध्ये माझी खंडव्याला बदली झाली.

सकाळच्या मोटारीने निघालो. निंबोल्याजवळ पुढे एक बैलगाडी आडवी आली आणि मोटार थांबली. खिडकीकडचा माणूस मोठ्याने हसला. ‘ते पाहा बप्पा! झाडावर घड पिकेल हाय. कोन्या आळशाची बाग व्हय हे?’

‘सुपडू पाटलाची,’ मागून कोणीतरी म्हणालं.

‘च्याक्! गेला म्हणायचा पाटील.’

मी त्याच्या अंगावरून वाकून बाहेर पाहिलं. त्या हिरव्या, पुसून ठेवल्यासारख्या बागेत, अगदी रस्त्याच्या कडेला, जिथून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल तिथे, एक घड पिवळा धमक झाला होता. पाटलाने आतली जागा निवडली नव्हती. घडाला कोणी तोंड लावलेलं नव्हतं. मागे चिंचा होत्या, आता नुसत्याच चिंचा.

घडाखाली सर आणि सुपडू पाटील चादर गोळा करत होते. इतकी कोरी चादर मी इंदुवहिनींच्या दांडीवरसुद्धा पाहिली नव्हती. दोघांनी दोन-दोन टोकं धरली, झटकायला तिच्यावर काही नव्हतं तरी झटकली, आणि घडी घालत एकमेकांकडे चालत आले. टोकाला टोक लागलं. मी हात हलवला; अर्थातच कोणी पाहिलं नाही, शेजाऱ्याचा चष्मा मात्र खाली पडला. तो शोधून देऊन मी पुन्हा वर पाहिलं, तर सरांनी मान वर केलेली होती. चिंचेकडे बघत ते पाटलाला काहीतरी म्हणाले. एकच शब्द असावा, त्यांच्या आवडत्या दोनांतला दुसरा. पाटलाने मान हलवली आणि आपली टोकं धरून तो पाठीमागे चालू लागला.

बैलगाडी बाजूला झाली. मोटार हलली तेव्हा चादर परत अंथरली जात होती.